उन्हाळा, डांबर आणि मार्चअखेर

घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो, ही वार्ता कोणालाच नवी नाही. त्याच उन्हात डांबरी पृष्ठभागाचे तापमान मात्र ६० अंशांच्या वर जाते, याची जाणीव फारशी कोणी ठेवीत नाही. बाजार समित्यांची आवारे, एस. टी.ची स्थानके, जिनिंग कारखान्यांची पटांगणे आणि शेगावसारख्या तीर्थक्षेत्रातील वाहनतळ यांच्या आयुष्याचा निकाल बहुतांशी या पाच-सहा आठवड्यांतच लागत असतो. रस्त्यांच्या खड्ड्यांवर विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. वाहनतळाचा कैवार घेणारा कोणी नाही. वस्तुतः डांबराच्या दृष्टीने पाहिले, तर वाहनतळाची प्रकृती रस्त्यापेक्षा अधिक नाजूक असते.

याचे कारण सरळ आहे. रस्त्यावरून धावणाऱ्या चाकाचा भार एका ठिकाणी क्षणाच्या काही अंशापुरताच असतो. आवारात मालाने भरलेला ट्रक लिलाव आणि वजनकाटा आटोपेपर्यंत तासन् तास एकाच जागी उभा असतो. डांबर हा घन पदार्थ नव्हे. तो अत्यंत घट्ट असा द्रवच होय, आणि द्रवावर भार जितका वेळ राहील तितका तो अधिक सरकतो. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्ही. जी. ३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरण बिंदू किमान ४७ अंश असावा, अशी मानकाची अट आहे. म्हणजे मेच्या दुपारी आवारातील डांबर हा बिंदू केव्हाच ओलांडून गेलेले असते आणि भार पेलते ती केवळ खडीची एकमेकींतील पकड. चाकांखाली पडणारे खळगे, उभ्या ट्रकने जागच्या जागी सुकाणू वळविल्यामुळे ओरबाडले जाणारे थर, वर तरंगून आलेले चिकट डांबर, ही सारी त्याचीच चिन्हे. त्यात डिझेल आणि ऑईलचे ठिपके पडतात. डांबर हे खनिज तेलाचेच अपत्य असल्यामुळे ते त्यात विरघळते.

परंतु ज्या पटांगणावर वाहनेच फारशी येत नाहीत, ते तरी सुरक्षित असेल, ही समजूत चुकीची आहे. ऊन आणि हवेतील प्राणवायू डांबरातील हलके तैलांश हिरावून घेतात व ते ठिसूळ होत जाते. वाहत्या रस्त्यावर चाकांच्या मळण्याने बारीक भेगा काही प्रमाणात मिटतात; ओस पटांगणाला तेवढाही लाभ होत नाही. याखेरीज आपल्या जिल्ह्याची म्हणून एक खास अडचण आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पटांगणाच्या कडा त्यांच्याबरोबर फाटतात. मृगाचा पहिला दमदार पाऊस या भेगांतून आत शिरला, की तीच जमीन फुगते आणि वरचा थर उचलला जातो. जुलैत दिसणारा खड्डा पावसाने पडला असे आपण म्हणतो. खरे तर तो मे महिन्यातच तयार झालेला असतो.

येथेच अर्थशास्त्राचा संबंध येतो. मे महिन्यात भेगा साफ करून डांबराने बुजविणे, तरंगून आलेल्या डांबरावर तापलेली जाडी वाळू किंवा बारीक कच पसरून रोलर फिरविणे, ठिसूळ झालेल्या भागावर इमल्शनचा पातळ फवारा देणे, ही कामे जवळजवळ नगण्य खर्चाची आहेत. फवाऱ्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक लिटर पातळ इमल्शन पुरते. याउलट २५ मिलिमीटर जाडीचा नवा थर द्यावयाचा झाला, तर तेवढ्याच जागेला सुमारे ६० किलो मिश्रण आणि त्यात जवळपास तीन किलो डांबर लागते. पायाच खचला असेल तर मुरूम-खडीपासून आरंभ. आणि डांबराचा भाव आपल्या हाती नाही. तो खनिज तेलाच्या जागतिक बाजाराबरोबर झुलतो. अशा वस्तूची उधळपट्टी गरीब तालुक्यास परवडणारी नव्हे.

मग हे होत का नाही? आपल्याला काम येत नाही म्हणून, असे मुळीच नाही. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. तोच राष्ट्रीय महामार्ग पुढे खामगाव, नांदुरा, मलकापूर असा आपल्या जिल्ह्यातून जातो. भेगा बुजविण्याचा विक्रम मात्र कोणत्याही पुस्तकात नोंदला जात नाही, आणि डागडुजीच्या कोनशिलेचे अनावरण करावयास कोणी मंत्री येत नाही.

दुसरे कारण पंचांगाचे आहे. शासन, नगरपालिका व जिल्हा परिषदा यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. न खर्चलेली रक्कम परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये घाईघाईने देयके निघतात. एप्रिलमध्ये नवे अंदाजपत्रक, मग वाटप, मंजुरी, निविदा, आणि कार्यादेश हाती पडेपर्यंत आभाळ भरून आलेले असते. कोरडी जमीन, तापलेली हवा, कापूस-सोयाबीनची आवक ओसरल्यामुळे बरेचसे मोकळे आवार, असा कामाला सर्वस्वी अनुकूल काळ कागदांच्या प्रवासात निघून जातो. १८६७ पासून चालत आलेले हे एप्रिल-मार्चचे वर्ष आपल्या पर्जन्यमानाशी जुळत नाही, हे एल. के. झा यांच्या समितीने १९८५ मध्येच दाखवून वर्षारंभ १ जानेवारीस करावा अशी शिफारस केली होती. शासनाने ती स्वीकारली नाही.

नुकसान कोणाचे होते हेही पाहिले पाहिजे. वऱ्हाडात नियंत्रित बाजाराचा कायदा १८९७ मध्ये झाला. देशात या प्रकारचा तो पहिलाच. बाजाराच्या वसुलीतून बाजाराची सोय व्हावी, ही अपेक्षा येथे इतकी जुनी आहे. आज आवार फुटले की चिखलात उभी राहते ती शेतकऱ्याची गाडी, भिजते ते त्याचे सोयाबीन, आणि ओलाव्याच्या नावाखाली कापला जातो तोही त्याचाच भाव. उन्हाळ्यात त्या तापलेल्या काळ्या जमिनीवरून पाठीवर पोते घेऊन जातो तो हमाल. अमेरिकेत लॉस एंजलिससारखी शहरे डांबरावर फिक्या रंगाचा लेप देऊन पाहत आहेत. आपल्याला एवढ्या लांब जाण्याचे प्रयोजन नाही. आवाराच्या पश्चिम कडेला लावलेली कडुनिंबाची रांग दुपारनंतरच्या उन्हात डांबराचेही रक्षण करील आणि माणसाचेही.

सध्या यावर तोडगा म्हणून सरसकट काँक्रीट करण्याची लाट आहे. जेथे अवजड वाहने उभी राहतात त्या पट्ट्यापुरते काँक्रीट योग्यच आहे; तेथे डिझेलचे भय नाही व उन्हाने ते मऊही पडत नाही. पण काळ्या जमिनीवर पाया नीट न करता ओतलेले काँक्रीटही तडकते, आणि ते दुरुस्त करणे डांबरापेक्षा कितीतरी कठीण. डागडुजी टाळण्यासाठी म्हणून जे काँक्रीट होत असेल, ते आजचा प्रश्न अधिक मोठ्या रकमेनिशी पुढच्या संचालक मंडळाकडे सोपविते, इतकेच.

जिल्ह्यातल्या बाजार समित्या आणि नगरपालिका यांना आर्थिक वर्ष बदलता येणार नाही. परंतु निविदेची तारीख बदलता येईल. डागडुजीचे वार्षिक दर दिवाळीनंतर मागवावेत, कार्यादेश फेब्रुवारीत द्यावा, आणि काम १५ एप्रिल ते ३१ मे यांच्या दरम्यानच करण्याची अट त्यात असावी. देयक मात्र पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर पाहणी करून अदा व्हावे. त्यासाठीची तरतूद नव्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आरंभीच राखून ठेवता येते. नवा थर टाकावयाचा असेल तर डांबराची प्रतही ठरवून लिहावी. उच्च तापमान आणि उभा भार जेथे एकत्र येतात अशा ट्रकतळांसाठी व्ही. जी. ४० हे अधिक घट्ट डांबर सुचविलेले असते. रस्त्याच्या कामाचा मसुदा जसाच्या तसा उतरवून काढला, तर ते निविदेत येणार नाही. आणि उन्हाळ्यात टाकलेला थर निवावयास वेळ लागतो. तो पुरता थंड होईपर्यंत फाटकाला कुलूप राहील, एवढी एक ओळ व्यापारी मंडळींच्या संमतीने त्याच कार्यादेशात घालावी.