चौदा तास कुठून आणू?

सत्काराचा हार गळ्यात घेऊन साहेब सांगतात, ‘पोरांनो, चौदा तास अभ्यास करा.’ कुठं बसून करू? सोलापुरात आमची एक खोली, सात माणसं. आई विड्या वळतेय, भिंतीपलीकडं माग खडखडतोय.

आमच्याच जिल्ह्यात परितेवाडीला २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी गेले, तर शाळा गोठ्याला लागून. त्यांनी पोरांना आळशी ठरवलं नाही, शिकवणं बदललं. २०२० साली दहा लाख डॉलरचं जागतिक पारितोषिक मिळालं. त्यातलं अर्धं इतर नऊ शिक्षकांना वाटलं. मास्तर असा पाहिजे!

दोस्तांनो, माग थांबतो तो तास पकडा. विहारात पाचजण बसा; एकानं समजावायचं, चौघांनी उलटतपासणी घ्यायची. अन् महापालिकेच्या दारात जाऊन वस्तीसाठी अभ्यासिका मागा. दिवा, खुर्ची, पुस्तक हा आपला हक्क आहे.