माणसे किती आणि कोठे?

भूगोल म्हटला की पुष्कळांना शाळेतील पाठांतर आठवते. नद्यांचे उगम, शिखरांची उंची, राज्ये आणि त्यांच्या राजधान्या यांची ती लांबलचक यादी परीक्षा संपताच विस्मरणात जाते. परंतु याच विषयाची जी शाखा ‘मानवी भूगोल’ या नावाने ओळखली जाते, तिचा आपल्या रोजच्या संसाराशी फार निकटचा संबंध आहे. माणसे कोठे राहतात, तेथेच का राहतात आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जावयास त्यांना किती सायास पडतात, हे तिचे प्रश्न होत. मुलाची शाळा किती अंतरावर असावी, बाळंतिणीला आरोग्यसेविका किती वेळात गाठता यावी, आडवळणाच्या वस्तीला पक्का रस्ता मिळावा की नाही, या गोष्टींचे निर्णय अखेर याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतात. म्हणून या वेळच्या सदरात मानवी भूगोलातील चार मूलभूत कल्पनांची ओळख करून घेऊ. स्थान, अंतर, घनता आणि वितरण या त्या चार कल्पना.

स्थान

प्रत्येक गावाला दोन प्रकारची स्थाने असतात. पहिले निरपेक्ष स्थान. अक्षांश आणि रेखांश सांगितले की पृथ्वीच्या पाठीवरील तो एकच बिंदू निश्चित होतो. आपला देश सुमारे ६८ अंश ७ मिनिटांपासून ९७ अंश २५ मिनिटे पूर्व रेखांशापर्यंत पसरलेला आहे. एक अंश ओलांडावयास सूर्याला चार मिनिटे लागतात. त्यामुळे अरुणाचलात सूर्य उगवल्यानंतर द्वारकेच्या किनाऱ्यावर तो उगवावयास जवळजवळ दोन तास जातात. तरीही आपणा सर्वांची घड्याळे एकच वेळ दाखवितात, कारण ८२ अंश ३० मिनिटे हा रेखांश साऱ्या देशासाठी प्रमाण मानला आहे. भारतातील स्थळे अशा काटेकोरपणे निश्चित करण्याचे प्रचंड काम विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून आरंभिले. ते काम करीत करीत उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला.

दुसरे सापेक्ष स्थान. आपले गाव इतर गावांच्या, बाजारपेठेच्या, रेल्वेच्या संदर्भात कोठे आहे, हे ते सांगते. निरपेक्ष स्थान सहसा बदलत नाही. सापेक्ष स्थान मात्र एका रात्रीत बदलू शकते. त्रिपुराची राजधानी आगरतळा हे त्याचे बोलके उदाहरण आहे. कोलकात्यापासून हे शहर सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. १९४७ पूर्वी तेथील लोक पूर्व बंगालमधून कोलकात्यास जात. फाळणी झाली आणि मधला मुलूख परदेश ठरला. मग गुवाहाटी आणि सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीला वळसा घालून सोळाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करणे भाग पडले. आगरतळ्याचे अक्षांश-रेखांश तसूभरही हलले नाहीत, पण तेथील घराघरांत मीठ, औषध आणि छापील पुस्तक पोहोचण्याची वाट मात्र पाचपट लांब झाली.

अंतर

या शब्दाविषयी अनुवादकाच्या नात्याने एक गंमत सांगावीशी वाटते. हिंदीतील मजकूर मराठीत आणताना ‘अंतर’ हा शब्द आला की लेखणी क्षणभर थबकते. हिंदीत त्याचा नेहमीचा अर्थ ‘फरक’. दोन गावांमधील मोजमापाला तेथे ‘दूरी’ म्हणतात. मराठीत आपण त्या मोजमापालाच ‘अंतर’ म्हणतो. भाषेतील हा भेद असो, पण भूगोलाच्या दृष्टीने दोन्ही अर्थ खरे आहेत. दोन कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडतो तो पुष्कळदा त्यांच्या घरापासून दवाखान्यापर्यंतच्या दूरीमुळेच.

अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. ते वेळात, पैशांत आणि ऋतूंतही मोजावे लागते. आपले पूर्वज ‘कोस’ मोजीत, आणि हा कोस सर्वत्र सारखा नव्हता. आजही डोंगरी मुलुखातील माणूस वाट विचारली असता ‘तासाभराची चाल’ असे उत्तर देतो. ते उत्तर अडाणीपणाचे नसून नेमके असते, कारण चढणीवरील तीन किलोमीटर आणि सपाटीवरील तीन किलोमीटर यांना लागणारा वेळ सारखा नसतो.

ऋतूनुसार अंतर कसे बदलते, हे हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या लोकांना विचारावे. मनाली आणि लाहौल यांच्यामध्ये रोहतांगची खिंड आहे. हिवाळ्यात ती बर्फाने बंद झाली की लाहौल वर्षातील सुमारे सहा महिने रस्त्याने तुटलेले असे. उन्हाळ्यात काही तासांवर असलेले मनालीचे रुग्णालय हिवाळ्यात जणू नकाशावरून पुसले जाई. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. मनाली ते लेह हे अंतर त्यामुळे ४६ किलोमीटरांनी आणि चार ते पाच तासांनी कमी झाले, असे सांगितले जाते. प्रवाशाला हे आकडे महत्त्वाचे वाटतील. लाहौलमधील मातेला मात्र भर हिवाळ्यातही वाट खुली राहू शकते, ही गोष्ट त्याहून मोलाची आहे.

घनता

एखाद्या प्रदेशातील लोकसंख्येला त्याच्या क्षेत्रफळाने भागले म्हणजे घनता मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३८२ माणसे होती. पण ही सरासरी प्रत्यक्षात फारच थोड्या ठिकाणी आढळते. बिहारमध्ये घनता १,१०६ होती, तर अरुणाचल प्रदेशात अवघी १७. दिल्लीच्या ईशान्य जिल्ह्यात ती ३६ हजारांच्या वर होती आणि अरुणाचलाच्या दिबांग व्हॅली जिल्ह्यात फक्त १. महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. तिच्या पोटात मुंबई उपनगर जिल्ह्याचे २०,९८० आणि गडचिरोलीचे ७४ हे दोन्ही आकडे सामावलेले होते.

छेदस्थानी कोणती जमीन धरली आहे, हेही पाहावे लागते. कच्छ जिल्ह्याची घनता ४६ दिसते, कारण त्याच्या क्षेत्रफळात रणाचा अफाट, निर्जन भाग मोजला जातो. राहण्याजोग्या जमिनीपुरता विचार केला तर तीच माणसे अधिक दाटीने राहतात, असे आढळेल.

आता हे आकडे कुटुंबाच्या उंबरठ्यापर्यंत कसे येतात ते पाहू. ग्रामीण भागात साधारणतः सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असा निकष आपल्याकडे रूढ आहे. थोडा हिशेब करू. बिहारच्या सरासरी घनतेने ५,००० माणसे साडेचार चौरस किलोमीटरांत मावतात. हे क्षेत्र वर्तुळाकार मानून मध्यभागी उपकेंद्र ठेवले, तर सर्वांत दूरचे घर सव्वा किलोमीटराच्या आतच येते. गडचिरोलीच्या घनतेने ३,००० माणसांना सुमारे ४० चौरस किलोमीटर लागतात आणि कडेचे घर साडेतीन किलोमीटरांहून अधिक दूर पडते. दिबांग व्हॅलीत तेवढ्याच माणसांसाठी ३,००० चौरस किलोमीटरांचा मुलूख धरावा लागेल, म्हणजे कडेचे घर ३१ किलोमीटर दूर. तेही सरळ रेषेत, डोंगर आणि दऱ्या नाहीतच असे मानून! हा जिल्हा क्षेत्रफळाने गोव्याच्या जवळजवळ अडीचपट आहे, आणि २०११ साली त्याची लोकसंख्या होती जेमतेम आठ हजार. केवळ डोकी मोजली तर संपूर्ण जिल्ह्याच्या वाट्याला तीन उपकेंद्रेही येत नाहीत.

निकष तोच, हेतूही चांगला. पण विरळ वस्तीच्या प्रदेशात त्याचा अर्थ अगदी निराळा होतो. ही अडचण ओळखूनच पुढे डोंगराळ राज्यांतील निवडक जिल्ह्यांसाठी आणि वाळवंटी भागांसाठी माणसांच्या संख्येऐवजी वेळेचा निकष स्वीकारण्यात आला. वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीत उपकेंद्र असावे, असे तो सांगतो. डोंगरातील माणसाने सांगितलेली ‘तासाभराची चाल’ अशा रीतीने शासकीय मोजमापातही आली.

वितरण

दोन प्रदेशांची घनता अगदी सारखी असूनही माणसे निरनिराळ्या तऱ्हेने पसरलेली असू शकतात. दख्खनच्या पठारावर घरे पुष्कळदा पाणवठ्याभोवती एकत्र दाटलेली असतात आणि शेते भोवताली पसरतात. कोकणात डोंगरउतारावर वाड्या विखुरतात. केरळात प्रत्येक घर आपापल्या बागेत उभे असते आणि एक गाव कोठे संपले नि दुसरे कोठे सुरू झाले, ते परक्याला कळत नाही. गाव एकत्र असेल तर एक शाळा सर्वांना पुरते. विखुरलेले असेल तर तीच शाळा काहींच्या दाराशी आणि काहींच्या ओढ्यापलीकडे येते.

मराठी भाषकांचेच उदाहरण घ्या. २०११ साली देशात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा मराठी होती. त्यांपैकी जवळजवळ ५५ लाख महाराष्ट्राबाहेर राहत होते. हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. बेळगाव, इंदूर किंवा वडोदरा येथे मराठी माणसे एकवटलेली आहेत, म्हणून तेथे मराठी वाचनालय वा शाळा चालू शकते. तेवढीच कुटुंबे शंभर गावांत विखुरली, तर एक वर्गही भरणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. माहिती कोणत्या एककाने गोळा केली, यावर तिचा उपयोग ठरतो. जनगणनेचे ग्रामीण एकक म्हणजे महसुली गाव. पण माणसे राहतात ती वाडीत, पाड्यावर, तांड्यावर. राजस्थानात ढाणीत, गुजरातेत फळियात, बिहारात टोल्यात. गावाला रस्ता आहे अशी नोंद झाली, तरी त्याचा पाडा चिखलातच असू शकतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने म्हणूनच महसुली गावाऐवजी ‘वस्ती’ हे एकक मानले. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी प्रदेशात २५० लोकसंख्येची रस्ता नसलेली वस्ती तिने पात्र ठरविली. शिक्षणहक्काच्या २०१० च्या आदर्श नियमांतही पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी पायी चालण्याची मर्यादा घातली आहे. हे मोजमाप गावाच्या वेशीपासून करून चालणार नाही. ते मुलाच्या राहत्या वस्तीपासूनच व्हावयास हवे.

आपले कर्तव्य

२०२१ साली होणारी जनगणना कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलावी लागली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविला. हिमाच्छादित प्रदेशांसाठी तो १ ऑक्टोबर २०२६ असा आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा त्याचे प्रश्न ही सरकारी कटकट समजू नये. १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवली जाते, तेव्हा संकोचाचेही कारण नाही. घरातील तान्ह्या मुलापासून अंथरुणाला खिळलेल्या आजीपर्यंत प्रत्येकाची नोंद झाली की नाही ते पाहावे आणि वाडीतील एखादे कडेचे घर राहून गेले असल्यास तसे सांगावे. ज्या वस्तीत २४८ माणसांची नोंद होते, तेथील दोन माणसांच्या विस्मरणाची किंमत किती मोठी असू शकते, हे आता निराळे सांगावयास नको.

मुलांसाठी एक उद्योग सुचवितो. सुटीच्या दिवशी त्यांना कागद, पेन्सिल आणि घड्याळ द्या. घर मध्यभागी काढावे. शाळा, पाण्याची जागा, बाजार, बसथांबा आणि उपकेंद्र यांच्या खुणा भोवती कराव्यात. प्रत्येक ठिकाणी पायी जावयास किती मिनिटे लागतात, ते लिहावे. मग आजीच्या चालीने तीच मिनिटे किती होतील आणि पावसाळ्यात ओढा भरला म्हणजे किती, तेही शेजारी लिहावे. हा कागद पुढील ग्रामसभेला किंवा प्रभागाच्या बैठकीला सोबत न्या. ‘आमची वस्ती दूर आहे’ या तक्रारीपेक्षा ‘आमच्या वस्तीपासून उपकेंद्र पावसाळ्यात ऐंशी मिनिटांवर आहे’ हे विधान टाळणे कोणालाही अधिक कठीण जाईल.