जुनं ते सोनं? छे!

माझ्याकडे इथे अमेरिकेत चिनीमातीचे, विजेवर चालणारे सात जुने कॉफी पर्कोलेटर आहेत, हे कळल्यावर पुण्याहून फोनवर एक वाक्य हमखास येतं: "जुन्या वस्तू काय मजबूत असायच्या नाही!" मंडळी, या वाक्याला माझा सक्त विरोध आहे.

आधी हे प्रकरण काय ते सांगतो. पेनसिल्व्हेनियातली पोर्सेलियर कंपनी (ती १९५४ मध्ये बंद पडली) असे पर्कोलेटर बनवायची. फुलाफुलांची नक्षी असलेली चिनीमातीची किटली, तळाशी हीटर, मधोमध उभी नळी आणि वर भोकाभोकांची टोपली. तळाशी पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे ते नळीतून वर ढकलतात, ते कॉफीच्या पुडीवर पडतं आणि गाळून खाली येतं. मग तेच पुन्हा वर! म्हणजे झालेलीच कॉफी पुडीतून फिरत राहते आणि कडू होते. १९७२ मध्ये 'मिस्टर कॉफी' हे ड्रिप यंत्र आलं आणि पर्कोलेटर मागे पडले ते काही उगाच नाही.

आणि मजबूत म्हणाल तर तोटीचा टवका उडायला नळाचा एक धक्का पुरतो. तापलेल्या किटलीत गार पाणी ओतलं की तडा गेलाच समजा. जुन्या वायरच्या कापडाखालचं रबर वाळून गळतं, काहींत तर ॲस्बेस्टॉस असतो. अर्थिंग नाही, आपोआप बंद व्हायची सोय नाही. जे टिकले तेवढेच आपल्याला दिसतात. जे फुटून कचऱ्यात गेले, त्यांची मोजदाद कोण करतो?

मग जमवतोस कशाला, असं विचाराल. कारण माझ्याकडचा कुठलाही पर्कोलेटर उलटा केला की तळाला एक साधा नट दिसतो. पान्याने सोडवला की हीटर हातात येतो. मीटर लावून तपासा, बिघडला असेल तर बदला. वायर तर वेगळीच निघते. बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं की हे कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी उघडणार.

आजच्या कित्येक किटल्या चिकटवून बंद केलेल्या असतात. कारण विचारलं तर म्हणे सुरक्षितता! अहो, आपल्या घरातला प्रेशर कुकर बघा. त्याची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह आपण वर्षानुवर्षं बदलत आलो, आणि सुरक्षितता त्या बदलण्यातच आहे.

आपल्याकडे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला मिक्सर, इस्त्री, पंखा सगळं उघडून द्यायचा. आता दुकानदार "साहेब, नवीनच घ्या" म्हणतो आणि आपणही ऐपत दाखवल्याच्या आनंदात घेतो. यात नुसते पैसे जात नाहीत, एक अख्खं कसब जातं. ते गेलं की परत दुकानात विकत मिळत नाही.

तेव्हा जुन्याचे गोडवे पुरे. पुढची वस्तू घेताना ती किती टिकेल हे विचारू नका. ती उघडते कुठून आणि सुटे भाग मिळतात का, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुकानातून खुशाल बाहेर पडा!