‘आम्हाला फसवलं’ म्हणणाऱ्यांना

‘विचर ३’ खेळलेल्या माणसाला बोलतं करायचं असेल तर त्याच्यासमोर नुसतं ‘बॅरन’ म्हणावं. लढाई, ग्राफिक्स, घराच्या छपरावर जाऊन उभा राहणारा तो घोडा, सगळं बाजूला पडतं आणि गडी तावातावाने सांगू लागतो, की मी मुलांना वाचवलं होतं, तरी गेमने मला फसवलं. १९ मे २०१५ ला हा गेम बाजारात आला. दहा वर्षं उलटली, तरी ही तक्रार काही जुनी होत नाही. आता तर ती जरा शहाण्या भाषेत मांडली जाते: यातली निवड खोटी आहे, हा काळोख नुसता दाखवण्यापुरता आहे, बायकोला मारणाऱ्या माणसासाठी इथे आपल्याला रडायला लावलंय. हे तिन्ही आक्षेप चांगल्या, जाणत्या खेळाडूंकडून येतात. म्हणून त्यांचा नीट समाचार घ्यायला हवा.

न खेळलेल्यांसाठी थोडं सांगतो. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओचा हा गेम. आंद्रेई सापकोव्हस्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांतून त्याचं जग उचललेलं आहे. (या लेखकाने गेमचे हक्क टक्केवारी न घेता एकरकमी विकले, २०१८ मध्ये सहा कोटी झ्लोटींची मागणी केली आणि पुढच्या वर्षी स्टुडिओशी नवा करार केला. त्यांनी बॅरनची गोष्ट लिहिलेली नाही; ती गेमवाल्यांची स्वतःची.) नायक गेराल्ट हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. मुलीसारखी वाढवलेल्या सिरीला शोधत तो युद्धाने नागवलेल्या वेलेन प्रांतात येतो. तिथे फिलिप स्ट्रेंगर नावाचा एक दारूडा शिपाईगडी स्वतःला बॅरन म्हणवून गढीत बसला आहे. सिरी त्याच्याकडे राहून गेलेली असते. तो म्हणतो, माझी बायको अ‍ॅना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्यात, त्या शोधून दे, मग सिरीचं सांगतो.

शोध गेराल्टला दलदलीत नेतो. तिथे अनाथ मुलांची एक वस्ती आहे. त्यांना सांभाळणारी एक भ्रमिष्ट आजी आहे. आणि या सगळ्यांवर हुकमत असलेल्या तीन जख्ख चेटकिणी आहेत. चेटकिणी गेराल्टला एका टेकडीवर पाठवतात: तिथल्या झाडाच्या मुळांत कोंडलेला आत्मा मारून ये. आत्मा गेराल्टला सांगतो, की या तिघी ती मुलं खाणार आहेत. मला सोड, मी मुलांना वाचवतो. आता ठरवायचं कुणी? तुम्ही. आत्मा मारलात तर मुलं जातात. अ‍ॅना वेडी होते पण जगते, आणि बॅरन तिला उपचारांसाठी दूर डोंगरात घेऊन जातो. आत्मा सोडलात तर मुलं वाचतात. पण तो आत्मा वाटेतलं डाउनवॉरन गाव कापून काढतो, चेटकिणी अ‍ॅनाला हडळीसारखं रूप देतात, त्या शापातून ती वाचत नाही आणि बॅरन गढीच्या अंगणात गळफास घेतो.

पूर्वपक्षाचं म्हणणं असं: मला मुलं आणि आत्मा यांच्यात निवड करायला सांगितली. अ‍ॅनाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. जी गोष्ट पटावर नव्हतीच तिची किंमत माझ्याकडून कशी वसूल केली? परीक्षेत अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न विचारल्यासारखं झालं हे.

वरवर बिनतोड वाटतं. पण प्रसंग पुन्हा नीट बघा. मुलं कुणाच्या ताब्यात होती? आजीच्या. आजी कुणाला भिऊन होती? त्या तिघींना. तिच्या राखणीतून मुलं नाहीशी झाली तर तिघी कुणाला धरतील? ही आजी म्हणजेच अ‍ॅना, हे त्या वेळी कुणी उघड सांगत नाही, कबूल. पण आजी कुणीही असली तरी मुलं पळाल्याचा राग तिच्यावर निघणार, हे कळायला तिचं खरं नाव माहीत असायची गरज नाही. आपण ते पाहिलं नाही, कारण आपल्या डोळ्यांसमोर संवादाचे दोन पर्याय होते आणि जग तेवढ्या दोन ओळींत मावतं असं आपण धरून चाललो. वेड्या म्हातारीचा विचार करायचं आपल्याला सुचलंच नाही. गेमने काही लपवलं नव्हतं. उपेक्षेने आपली नजर तिच्यावरून घसरली, एवढंच.

खेळाडूला असं का वाटतं त्याचंही कारण आहे. या जातीच्या गेम्सनी आपल्याला तशी सवय लावली आहे. २००९ च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’चं उदाहरण घ्या. कॅनडातल्या बायोवेअरचा हा गेम, तोही काळोख्या फँटसीचा म्हणूनच नावाजलेला आणि मलाही आवडलेला. रेडक्लिफच्या किल्ल्यात कॉनर नावाच्या पोराच्या अंगात पिशाच शिरलं आहे. पोराला मारा, किंवा त्याच्या आईचा बळी देऊन पिशाच काढा. अंगावर काटा येतो. पण तिसरीही वाट आहे: मांत्रिकांच्या मनोऱ्यात जा, मदत आणा, आई वाचते, पोर वाचतं. तुम्ही मनोऱ्यात जाऊन यायला कितीही वेळ घेतलात तरी इकडे पिशाच किल्ल्यात गुपचूप वाट बघत बसतं. पिशाच एवढं सोशिक असेल तर तो काळोख कसला? आणि नेमकी हीच वाट खेळाडू ‘चांगलं डिझाइन’ म्हणून दाखवतात, वर विचारतात की वेलेनमध्ये अशी वाट का नाही ठेवली.

नाही ठेवली, ते बरं केलं. परिणाम उशिरा आणि भलत्याच दाराने आत यावा, ही या स्टुडिओची पहिल्या गेमपासूनची खोड आहे. २००७ च्या पहिल्या ‘विचर’मध्ये नदीकाठी एका व्यापाऱ्याच्या पेट्या राखायच्या असतात. रात्री जंगलातले बंडखोर येऊन त्या मागतात. दिल्या तर दिल्या, पुढे काही होत नाही. तुम्ही विसरून जाता. मग कितीतरी तासांनी, शहरात, ज्या माणसाकडून माहिती काढायची तो बाणाने मरून पडलेला सापडतो, आणि बाण त्याच पेट्यांतल्या मालातला. एव्हाना जुनं सेव्ह लोड करायचं म्हटलं तर अर्धा गेम पुन्हा खेळावा लागेल. आजकाल ‘बाल्डर्स गेट ३’सारख्या उत्तम गेममध्येही फासा वाकडा पडला की बोट आपोआप लोडच्या बटणावर जातं. मी स्वतः दाबतो ते. पण असं पुसून पुन्हा लिहिता येण्याला निवड म्हणायचं असेल, तर मग ‘विचर’मधल्या निवडीला खोटं म्हणू नये.

‘निवड खोटी’ म्हणणाऱ्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. आत्मा मारा नाहीतर सोडा, सिरीचा माग दोन्हीकडे मिळतोच, मुख्य कथा त्याच रुळावरून पुढे जाते. खरं आहे. रूळ बदलत नाहीत. पण गेराल्ट भाड्याने राबणारा माणूस आहे, त्याच्या हातात राज्यं नाहीत. दलदलीतल्या या एका निर्णयाने युद्धाचा निकाल फिरला असता तर तोच खोटेपणा झाला असता. बदलतं ते हे, की पुढे नोविग्राड शहरात गेल्यावर ती दलदलीतली पोरं तुम्हाला भेटतात की नाही, आणि डाउनवॉरन गावात परत गेलात तर तिथे माणसं असतात की नाही. कथेच्या आराखड्यात ही फुटकळ टीप ठरेल, त्या गावात राहणाऱ्याला मात्र तसं म्हणून पाहा.

आता काळोखाकडे. वेलेनच्या वेशीवरच झाडाला टांगलेली माणसं दिसतात, आणि ‘अति झालं’ म्हणणाऱ्यांची मान तिथेच हलते. त्या झाडापुरता आक्षेप मला मान्य आहे. ते जरा पोस्टरसारखं आहे. पण या गेमचा खरा काळोख शोधायचा असेल तर त्याआधीच्या व्हाइट ऑर्चर्ड गावात जा. तिथे लेना नावाची मुलगी जखमी होऊन पडलेली आहे. वैदू बाई म्हणते, तुझं विचरचं औषध सामान्य माणसाला झेपत नाही, वाचेल किंवा तडफडून मरेल. तुम्ही औषध देता. मुलगी जगते म्हणे. पुढे शत्रूच्या छावणीत तिच्यावर प्रेम करणारा एक शिपाई भेटतो आणि सांगतो की ती जगली, पण तिचं भान काही परत आलं नाही. इथे रक्ताचा थेंब नाही, टांगलेलं प्रेत नाही. नकाशावर त्याची खूणसुद्धा नाही. तुम्ही त्या शिपायाशी बोललाच नाहीत तर जन्मभर स्वतःला दयाळू समजत राहाल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. बॅरन बायकोला मारत होता. दारूच्या नशेतल्या अशाच एका भांडणानंतर तिचा गर्भ पडला आणि त्याने तो विधीविना पुरला. त्या न जन्मलेल्या, नाव न ठेवलेल्या पोराचं पिशाच होऊन बसलं आहे. मुंज्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला हे अजिबात परकं वाटत नाही. पोलंडच्या लोककथांतही असं पिशाच आहे, तिथूनच ते गेममध्ये आलं. ते मारूनही टाकता येतं. पण शाप उतरवायचा ठरवलात तर बॅरनने ते उचलून रात्रीच्या अंधारात गढीपर्यंत न्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं असतं.

ही वाट कशी रचली आहे ते पाहण्यासारखं आहे. आडदांड माणूस, हातात लालभडक, दात असलेलं, वळवळणारं ते पोर. वाटेत भुतं चालून येतात. तुम्ही तलवार चालवायची, आणि मधेच पोर खवळलं की तलवार सोडून मंत्राने त्याला शांत करायचं. शत्रूकडे बघू की पोराकडे, या ओढाताणीत बॅरनकडे बघायला सवडच मिळत नाही. उंबऱ्याशी आल्यावर मात्र तुमच्या हातात काहीच उरत नाही. तो गुडघ्यांवर बसतो, तिला आपली मुलगी म्हणतो, डेआ हे नाव देतो. खेळाडूचा गळा दाटतो, आणि आक्षेपक म्हणतात, हाच तो डाव: मारकुट्या नवऱ्याला धुऊन काढला.

पण बॅरनने तोंड उघडण्याआधी गेम आपल्याला कुठे नेतो? अ‍ॅनाच्या खोलीत. भिंतीवरची तसबीर जरा सरकवली तर मागे खोक पडलेली दिसते, जमिनीला सांडलेल्या वाइनचा वास येतो. तो ‘आम्ही सुखात होतो’ छापाचं काही सांगायच्या आत पुरावा आपण हाताळलेला असतो. पुढे तो स्वतःची बाजू मांडतो: मी लढाईवर असताना तिने दुसरा माणूस धरला, मी त्याला मारला, मग घर नासलं. मारकुटा नवरा अशीच गोष्ट सांगतो, स्वतःच्या जखमेपासून सुरुवात करून. गेराल्टच्या तोंडून त्याला ते सुनावण्याचीही सोय आहे. आणि अ‍ॅनाचं उत्तर तिच्या करणीत आहे: त्या घरातून आणि त्या माणसाच्या गर्भातून सुटण्यासाठी तिने चेटकिणींशी सौदा केला, त्यांची वर्षभराची चाकरी पत्करली. नवऱ्यापेक्षा ज्या बाईला नरभक्षक म्हाताऱ्या परवडल्या, तिची साक्ष याहून मोठ्याने कशी नोंदवायची?

तमाराने बापाला माफ केल्याचा प्रसंग दोन्ही वाटांवर येत नाही. आलेला कळवळा ही खेळाडूची गोष्ट आहे. गेमने निकालपत्रात तो लिहिलेला नाही. आपल्याला वाईट माणसाची दया आली म्हणून खाली मान घालण्याची गरज नाही, आणि त्याबद्दल गेमला दोष देण्याची तर मुळीच नाही.

सिरीच्या शेवटाबद्दलही असाच गहजब होतो. ती जगते की नाही हे शेवटच्या लढाईवर ठरत नाही. मधल्या चार-पाच क्षणांवर ठरतं. गुरू वेसेमिर गेल्यावर ती खचलेली असते. तेव्हा तिच्याबरोबर बसून दारू प्यायची, की बाहेर जाऊन बर्फाचे गोळे फेकायचे? मांत्रिक बायकांच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ द्यायचं, की मागोमाग जायचं? तिला शिकवणाऱ्या आव्हालाखची प्रयोगशाळा तिला फोडू द्यायची की अडवायचं? पहिल्याच प्रश्नात अनेक जण पडतात, कारण पर्याय मायेचा दिसतो: सगळंच तुला जमायला हवं असं नाही, म्हणून समजूत काढायची. मग शेवटी ती परत आली नाही की ओरडा, की बर्फाच्या गोळ्यांवर पोरीचं मरण ठरवता?

ठरवतात, आणि बरोबर ठरवतात. आपल्याकडच्या घरांत ‘राहू दे, तुला नाही झेपायचं’ हे वाक्य किती मायेने म्हटलं जातं ते आठवा. गेराल्ट तेच म्हणतो, आणि जगाचा नाश एकटीने थोपवायला निघालेली मुलगी ते मनात ठेवून जाते. तलवारीने सोडवण्यासारखा तो प्रश्नच नव्हता.

आता माझ्या बाजूची पडकी भिंतही दाखवून टाकतो. बारीकसारीक माग काढण्याची कामं लाल रेघेमागे चालत जाण्यापुरती उरली आहेत. लढाई मध्यम पातळीवर उडी मारून वार करण्यात आटोपते. तेलं आणि काढे यांची पूर्वतयारी खऱ्या अर्थाने कामाला येते ती सर्वांत अवघड पातळीवर. स्केलिगेच्या समुद्रातल्या प्रश्नचिन्हांमागे पेट्याच पेट्या आहेत, त्यांचं समर्थन मी करणार नाही. आणि पोर जिवाच्या संकटात असताना बाप गावोगावच्या खानावळींत पत्ते कुटत बसतो, हे कितीही गोड खपवलं तरी खपत नाही. पत्त्यांचा तो डाव भारी आहे, हा भाग वेगळा.

डिसेंबर २०२४ मध्ये पुढच्या ‘विचर’चा ट्रेलर आला आणि त्यात सिरीच नायिका असणार आहे. इंजिन नवं, खर्च अफाट, आणि एवढा खर्च केला की कुणालाही न दुखावण्याचा मोह होतोच. ‘फसवलं’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांचं ऐकून तिथे एखादा मांत्रिकांचा मनोरा उभा राहू नये, आणि संवादाच्या कडेला ‘या निवडीने अमुक मरेल’ अशी सूचना झळकू नये, एवढीच माझी मागणी आहे. पत्ते हवे तेवढे ठेवा.