बापाची ओळख, पोराची नोकरी : बारामती-इंदापूरचे न लिहिलेले आरक्षण

विकास पाहायचा असेल तर बारामतीला जा, असे आम्हाला वर्षानुवर्षे सांगितले जाते. आम्ही तर तो रोजच पाहतो. नीरा डाव्या कालव्याचे पाणी पाहतो, उजनीच्या पाण्यावर वाढलेला इंदापूरचा ऊस पाहतो, माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या चिमण्या पाहतो, एमआयडीसी, वालचंदनगर, भिगवण, मोठमोठी कॉलेजे पाहतो. हे सगळे खरे आहे आणि ते नाकारण्याची आम्हाला गरज नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे : फाटकातून आत गेल्यावर कोणाचा पोरगा ऑफिसातल्या टेबलाकडे वळतो आणि कोणाचा पोरगा ठेकेदाराच्या हजेरीकडे? आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी या दोघांचे बाप कुठे उभे होते?

अर्थशास्त्रज्ञ याला आंतरपिढी गतिशीलता म्हणतात. बाप जिथे होता तिथून लेकरू किती वर गेले, एवढाच त्याचा अर्थ. विकास मोजण्याची याहून प्रामाणिक फूटपट्टी नाही. कारण गाळप किती झाले यावरून ऊस कळतो, माणूस कळत नाही.

हा विषय निघाला की एक ठरलेले उत्तर येते : "आता कुठे राहिली जात? ज्याच्यात गुणवत्ता आहे त्याला काम मिळते." या वाक्याची परीक्षा झालेली आहे. अमरावती जिल्ह्यातून आलेले आपले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण तेच, अनुभव तोच, फरक फक्त आडनावाचा. काही अर्जांवर सवर्ण हिंदू नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. मुलाखत झालेली नव्हती, तोंड पाहिलेले नव्हते. आडनाव वाचूनच गुणवत्ता ठरली होती.

हे झाले जाहिरात निघालेल्या नोकऱ्यांचे. आपल्या भागात किती नोकऱ्यांची जाहिरात निघते? कारखान्यात हंगामी भरती आहे, पतसंस्थेत कारकून हवा आहे, एमआयडीसीत ठेकेदाराला वीस पोरे हवी आहेत, ही बातमी कोणाच्या घरी आधी पोहोचते? संचालकाच्या भाच्याकडे, स्लिप बॉयच्या चुलतभावाकडे, चेअरमनच्या गटातल्या कार्यकर्त्याकडे. आमच्या वस्तीत बातमी येते तेव्हा जागा भरलेली असते. याला कोणी आरक्षण म्हणत नाही, कारण त्याचा शासन निर्णय निघत नाही. पण जन्मावर मिळणारी, बापाकडून पोराकडे जाणारी आणि परीक्षा न घेता दिली जाणारी नोकरी, याला आरक्षण नाही तर काय म्हणायचे?

ही ओळखपाळख नेमके काय करते, हे कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या मुंबईत, दादरच्या शाळांत जाऊन तपासले. अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. १९८२ ते २००१ या काळात इंग्रजी शिकलेल्याची कमाई वाढत होती, तरी कनिष्ठ मानलेल्या जातींतले मुलगे मराठी माध्यमातच राहत होते. कारण गिरणीत, गोदीत, हाती काम करण्याच्या धंद्यांत जातभाईंची साखळी होती, बापाच्या ओळखीने पोराला चिकटवता येत होते. त्याच घरांतल्या मुली मात्र झपाट्याने इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. त्यांच्यासाठी अशी साखळी नव्हती, म्हणून त्यांना अडकवणारेही काही नव्हते.

मित्रांनो, यातला धडा दुधारी आहे. वरच्या जागेची साखळी ज्यांच्या हातात आहे त्यांना ती वर ठेवते. खालच्या कामाची साखळी आमच्या गळ्यात आहे आणि ती आम्हाला खाली धरून ठेवते. सफाईचा ठेका, हमाली, वीटभट्टी, ऊसतोड : या कामांना वशिला लागत नाही, इथे आपल्याला बोलावून नेतात. बापाच्या जागी पोरगा, सासूच्या जागी सून.

ऊसतोडीचेच पाहा. बीड आणि नगरकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या आपल्या भागात उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत सुटका नसते. शाळा जूनमध्ये सुरू होते, लेकरू दिवाळीनंतर कोपीवर येते आणि उन्हाळ्यात परत जाते. थोरले धाकट्याला सांभाळते. चौदा-पंधरा वर्षांचे झाले की त्याच्याही हातात कोयता येतो. यात वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आणि मातंग आहेत. साखर सहकाराची आहे, पण ही माणसे कोणत्याच कारखान्याच्या हजेरीपटावर नाहीत, ती मुकादमाच्या वहीत आहेत.

आणि सहकार तरी कोणाचा? ऊस उत्पादक सभासद व्हायला जमीन लागते. जमीन नाही तर शेअर नाही, शेअर नाही तर मत नाही, मत नाही तर नोकरीसाठी शब्द टाकणारा संचालक नाही. आमची जमीन होती ती महार वतनाची. १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मुंबई कौन्सिलात मांडले. वतने रद्द व्हायला १९५९ उजाडले. तोवर कालव्याचे पाणी दुसऱ्याच्या शेतात मुरले होते. आज संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी मिळून एक जागा राखीव आहे. त्या जागेवर बहुतेक वेळा पॅनेलप्रमुखाच्या मर्जीतला माणूस बसतो आणि हात वर करतो.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. १९१८ च्या निबंधात त्यांनी शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवायला सांगितले. पण उद्योग आला की जात आपोआप जाते, असे त्यांनी मानले नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ साली त्यांनी लिहिले ते या अनुभवातून. धागा आता यंत्र ओढते. खाते मात्र अजून ठरलेले आहे.

कोणी म्हणेल, आंबेडकरी समाज तर शिकून पुढे गेला. गेलाच. अ‍ॅशर, नोवोसाद आणि रॅफकिन यांनी शिक्षणाच्या आकड्यांवरून दाखवले आहे की देशात काही पिढ्यांत अनुसूचित जाती-जमातींची वर चढण्याची संधी वाढली, मुस्लिमांची मात्र घटली. आमची का वाढली? वसतिगृह, शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि आई-बापाचे पोट मारणे यांमुळे. जिथे संविधान पोहोचले तिथे आम्ही चढलो. जिथे ओळख चालते तिथे आमचा डिप्लोमावाला पोरगा ठेकेदाराकडे सहा-सहा महिन्यांच्या ब्रेकवर राबतो.

हा लेख दोन एकरवाल्या मराठा, माळी, धनगर शेतकऱ्याच्या पोराविरुद्ध नाही. त्याचेही नाव यादीत नसते. त्याला भडकवले जाते की तुझी नोकरी आरक्षणाने खाल्ली. ज्या खासगी आणि सहकारी भरतीत बिंदुनामावलीच पाळली जात नाही, तिथे आरक्षणाने त्याची नोकरी कशी खाल्ली, हे त्याला कोणी सांगत नाही. ते आपण सांगितले पाहिजे.

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्राने २००१ साली लोकसेवांमधील आरक्षणाचा कायदा केला आणि तो २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यातली आस्थापनेची व्याख्या नीट वाचा. सरकारचे भागभांडवल असलेली सहकारी संस्था त्यात येते. सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत घेतलेले उद्योगही शासन अनुदानित संस्थांच्या स्पष्टीकरणात आणलेले आहेत. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. कायदा झाला तेव्हा सत्तेवर कोण होते, हे बारामतीकरांना सांगायला नको. स्वतःच केलेला कायदा स्वतःच्या अंगणात का लागत नाही, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

तरुणांनो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो कितव्या ओळीत आहे हे मोजणे थांबवा आणि ही कामे हातात घ्या. एमआयडीसीकडे माहिती अधिकारात विचारा : कोणत्या भूखंडाला कोणती सवलत दिली? साखर आयुक्तांकडे विचारा : कोणत्या कारखान्यात सरकारचे किती भागभांडवल आहे, बिंदुनामावली तपासली का, अनुशेष किती? तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीत घरोघरी जाऊन तीन पिढ्यांची नोंद करा : आजा काय करत होता, बाप काय करतो, पोरगा-पोरगी काय करतात, काम कोणाच्या ओळखीने मिळाले, कायम आहे की ठेक्यावर. पोरींची नोंद विसरू नका. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन शाळेबाहेरच्या लेकरांची यादी करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा.

ही माहिती हातात आली की पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पॅनेलसमोर ती ठेवायची. सभागृह नको, समाजमंदिराला रंग नको, कमान नको. तुमच्या संस्थेत किती जागा, त्यांत आमच्या किती, आणि उरलेल्या कधी भरणार, एवढे लेखी द्या. जो लेखी देणार नाही त्याच्या व्यासपीठावर आम्ही बसणार नाही.

जय भीम!