ढोलकीला दहा मिनिटे

आपल्या विद्यापीठाच्या पाठीमागील डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतील सातव्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तिका कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया आहेत. पर्यटक वेरूळ-अजिंठ्याला जातात, इकडे फारसे फिरकत नाहीत. आपण विद्यार्थी जातो ते परीक्षा संपल्यावर, फोटो काढायला. परंतु ते शिल्प थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. नाचणारी आणि वाजविणाऱ्या एकाच चौकटीत आहेत. कोणालाही पडद्याआड ठेवलेले नाही.

हे आठवण्याचे कारण म्हणजे युवक महोत्सव. महोत्सवाच्या यादीत शास्त्रीय तालवाद्याची एकल स्पर्धा असते. तीत तबला वाजतो, पखवाज वाजतो. ढोलकी वाजविणाऱ्या विद्यार्थ्याला लोकवाद्यवृंदात भाग घेता येतो, लावणीच्या मागे उभे राहता येते. पण एकट्याने पुढे येऊन ‘मी ढोलकी वाजवितो, ऐका’ असे म्हणण्याची सोय त्या यादीत नाही. माझा एक मित्र नाव द्यायला गेला तेव्हा त्याला सल्ला मिळाला, “अरे, मग तबला वाजव की! हात तोच, बोल तेच.” सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण ‘हात तोच’ हे मुळीच खरे नाही, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

तबला म्हणजे दोन स्वतंत्र वाद्ये. उजवा लाकडाचा, डावा म्हणजे डग्गा बहुधा तांब्या-पितळेचा. दोन्ही चुंबळीवर बसतात आणि वाजविणाराही मांडी घालून बसतो. दोन्ही पुड्यांवर शाई असते, उजव्याला मधोमध आणि डग्ग्याला एका बाजूला सरकवून. ती सरकविलेली असते म्हणूनच मनगट टेकवून स्वर चढविता-उतरविता येतो. ढोलकीचे खोड एकच, दोन्ही तोंडे आडवी. शाई फक्त उजवीकडे. डाव्या पुडीला बाहेरून काही नसते. कातड्याच्या आतल्या अंगाला लेप बसविलेला असतो आणि घुमारा निघतो तो त्यातून. पखवाजाची तऱ्हा तिसरीच, तेथे दर वेळी डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. घुमाऱ्यासाठी आपल्या लोकांनी तीन निराळे उपाय शोधले, यातच खरे तर एका प्रबंधाचा विषय आहे. पण तो कोणी मराठीच्या विद्यार्थ्याला देईल असे वाटत नाही.

आता हात पाहा. तबलजीचे दोन्ही पंजे वरून खाली येतात, हाताचे वजन त्याला मिळते. ढोलकीवाल्याचे हात दोन बाजूंनी आत येतात. शिवाय फडात तो उभा असतो, वाद्य पट्ट्याने कमरेशी बांधलेले, समोर नाचणारीच्या पायांत घुंगरांचे ओझे, शेजारी जाळावर शेकून कडक केलेली हलगी आणि भोवती उघड्या मैदानात शिट्ट्या मारणारे हजारो लोक. अशा ठिकाणी आवाज रेंगाळून चालत नाही. तो कोरडा, टोकदार हवा, गर्दी कापीत शेवटच्या बैलगाडीपर्यंत गेला पाहिजे. म्हणून शाई इतकी चढी लावतात. बैठकीत तबल्याचा एक ‘ना’ सोडून श्रोत्याने त्याची आस ऐकावी अशी अपेक्षा असते. ढोलकीला आस नको, ठिणगी हवी.

गंमत अशी की लावणीनेच हा भेद आपल्या घरात सांभाळला आहे. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून अदा करते. साथीला पेटी आणि तबला. यमुनाबाई वाईकरांनी (त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली) ही बैठकीची लावणी शेवटपर्यंत जपली. फडाच्या लावणीत मात्र ढोलकीच. तमाशाचा एक प्रकारच ‘ढोलकी-फडाचा’ म्हणून ओळखला जातो, म्हणजे वाद्याच्या नावाने आख्खा रंगमंच ओळखला गेला. तबल्याच्या नावाने कोणते नाटक ओळखले जाते?

असाच भेद स्पेन देशात गिटारचा आहे. तेथे एकाच गिटारच्या दोन जाती झाल्या. मैफलीची गिटार शिसवीच्या जातीच्या लाकडाची (आपल्याकडच्या शिसवीला त्या कारागिरांत मोठा मान आहे), आवाज भरदार, रेंगाळणारा. वाजविणारा पायाखाली छोटे पाऊलपाट घेऊन बसतो, कागदावर लिहिलेली स्वरलिपी वाजवितो आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते. दुसरी फ्लामेंकोची. ती सायप्रस नावाच्या हलक्या, पिवळसर लाकडाची. ते लाकूड त्या मुलखातच मिळे आणि स्वस्त पडे. तारा इतक्या खाली बसविलेल्या की जोराने वाजविताना किंचित खरखर येते, आणि ती खरखर दोष न मानता चव मानतात. बोटे बाहेर फेकून तारांवर झोड उठवितात. मधूनच बोटाने गिटारच्या अंगावर टकटक करून ताल देतात, म्हणून तेथे लाकूड झिजू नये यासाठी पातळ पत्रा चिकटविलेला असतो. कारण तेच: समोर टाचा आपटीत नाचणारी आणि गळा फाडून गाणारा. आपल्या ढोलकीवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि माणसांचीही तीच कथा. फ्लामेंको जगविली ती मुख्यतः स्पेनमधील जिप्सी समाजाने, ज्याला गावकुसाबाहेर ठेवले होते. आंद्रेस सेगोव्हिया हा गिटारचा महान वादक. त्याने गिटार जगभरच्या सभागृहांत नेली. पण गिटारला फ्लामेंकोच्या हातांतून सोडविणे हे तो आपले कार्य मानीत असे! म्हणजे मोठा कलावंतही वाद्याला प्रतिष्ठा देताना त्याच्या जुन्या सोबत्यांना दाराबाहेर ठेवतो. पुढे 1975 साली पाको दे लुसिया हा फ्लामेंकोवाला माद्रिदच्या राजेशाही नाट्यगृहात वाजवावयास बसला. 2010 साली युनेस्कोने फ्लामेंकोला मानवतेचा वारसा म्हटले. एवढे व्हायला किती पिढ्यांची बोटे झिजली असतील!

आपल्याकडे तमाशा ज्या जातींनी जगविला त्यांची नावे मी येथे मोजीत बसत नाही. विठाबाईंनी आपले नाव ‘भाऊ मांग नारायणगावकर’ असे बापाच्या नावासकट आणि जातीसकट मिरविले, त्यात सर्व आले. माझे चुलते पंचवीस वर्षे फडात ढोलकी वाजवीत होते. दसऱ्यानंतर निघत आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपल्या की परत येत. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. मी या महाविद्यालयात नाव घातले त्या दिवशी त्यांनीच मला सांगितले, “आता ढोलकीला हात लावू नको. शिकलेला पोरगा, लोक नावं ठेवतील.” ज्या माणसाने त्या वाद्यावर घर चालविले, भावाच्या मुलाची फी भरली, त्याने हे म्हणावे, याचा विचार समाजशास्त्राच्या तासाला झाला पाहिजे. नुसत्या संगीताच्या नव्हे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी टाळणार नाही. तबल्याला कायदा आहे, पेशकार आहे, रेला आहे, घराणी आहेत, विशारदापर्यंत परीक्षा आहेत. ढोलकीला तसे लिखित शास्त्र नाही. मग एकल वादन कशाचे करणार आणि गुण कशावर देणार? आक्षेपात तथ्य आहे. ढोलकीचे तोडे कोणी नीट लिहून ठेवले नाहीत. परंतु तबलाही साथीचेच वाद्य होते आणि तोही नाचगाण्याच्या कोठ्यांतून आला. उस्ताद अहमदजान थिरकवा हे केवढे नाव! ते बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत साथ करीत होते. त्याच थिरकवांना 1970 साली पद्मभूषण मिळाले. नंतर अल्लारखाँ आणि झाकीर हुसेन यांनी तबला एकट्याने ऐकण्याची सवय जगाला लावली. शास्त्र आधी तयार झाले आणि मग लोक ऐकू लागले, असा काही क्रम नाही. आधी कोणीतरी ऐकायला बसावे लागते.

आणि शास्त्राचेच म्हणाल तर शास्त्र आपल्या शहराच्या उंबरठ्यावर आहे. बसने दौलताबादला जाताना जो किल्ला दिसतो, त्या देवगिरीत तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा आहे. त्यात पटह या तालवाद्याचे मार्गी आणि देशी असे दोन प्रकार दिले आहेत. देशी आकाराने लहान. पण शार्ङ्गदेवाने देशीलाही अध्यायात जागा दिली, त्याचेही वर्णन केले. शास्त्रकाराला जे जमले ते स्पर्धेची यादी करणाऱ्यांना जमू नये काय?

मागणी फार मोठी नाही. महोत्सवाची यादी बदलणे आपल्या एका महाविद्यालयाच्या हातात नाही, हे मला कळते. स्नेहसंमेलन मात्र आपल्या हातात आहे. येत्या वर्षी रंगमंचावर लावणीच्या आधी किंवा नंतर, पण लावणीशिवाय, ढोलकीला दहा मिनिटे द्यावीत. सोबत एक हलगी असावी, कारण ढोलकी-हलगीची सवाल-जवाबाची झुंज ही मुळातच एकल वादनाइतकी पूर्ण गोष्ट आहे. वाजविणाऱ्याला बसायचा आग्रह करू नये. माईक दोन लागतील, एक शाईच्या बाजूला आणि एक डावीकडे, हातभर लांब ठेवून. नाहीतर घुमारा फाटतो. हे शेवटचे मला चुलत्यांनीच सांगितले.