२०४७ पर्यंतची करमाफी कोणाच्या जिवावर?

२०२६-२७च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक घोषणा केली. भारतातली डेटा सेंटर वापरून जगभरच्या ग्राहकांना क्लाउड सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करमाफी. यंदा पहिलीत गेलेली मुलगी शिकून नोकरीला लागेल, तिच्या पगारातून प्राप्तिकर कापला जाऊ लागेल, तरी ही माफी संपलेली नसेल. हे धोरण चुकीचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ही डेटा सेंटर ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी (एआय) हवी आहेत तिला माझा विरोध नाही, परदेशी भांडवलालाही नाही. विरोध आहे तो तेजीच्या भरात एकवीस वर्षांचा शब्द देऊन टाकण्याला.

समर्थकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेतो. ते म्हणतात, आपण काहीच गमावलेले नाही. भारतात सर्व्हर ठेवले की आपल्या जागतिक उत्पन्नावर इथले प्राप्तिकर खाते हक्क सांगेल, या भीतीने परदेशी कंपन्या बिचकत होत्या. ती भीती काढली. भारतीय ग्राहकांना सेवा भारतीय कंपनीमार्फतच विकावी लागेल, तिला कर आहे. डेटा सेंटर चालवणाऱ्या इथल्या कंपनीलाही कर आहे, आणि ती त्याच समूहातली असेल तर तिने खर्चावर १५ टक्के नफा दाखवला की खाते तो मान्य करणार. मग जो कर मिळतच नव्हता तो सोडला, तर बिघडले कुठे?

बिघडले ते असे. रोग अनिश्चिततेचा होता, तर औषध स्पष्ट नियमाचे हवे. भारतात किती नफा झाला असे मानायचे हे ठरवून देणे, हा स्पष्ट नियम. १५ टक्क्यांची तरतूद नेमकी त्याच जातीची आहे. परदेशी कंपनीच्या उत्पन्नातला भारताचा वाटाही तसाच ठरवून देता आला असता. तो न ठरवता संपूर्ण माफी देणे म्हणजे आपला हक्क आहे की नाही हे तपासण्याआधीच तो सोडून देणे.

आणि एकवीस वर्षे कशाच्या हिशेबाने? आपल्याच प्राप्तिकर नियमांत संगणकावर दरवर्षी ४० टक्के घसारा धरतात. शंभर रुपयांचा सर्व्हर पहिल्या वर्षाअखेर साठ रुपयांचा, दुसऱ्या वर्षाअखेर छत्तीसचा, आणि पाचव्या वर्षाअखेर आठ रुपयांचाही उरत नाही. म्हणजे जे यंत्र पाच वर्षांत जवळजवळ मोडीत निघते असे सरकारचे स्वतःचे नियम मानतात, त्याच्या धंद्याला माफी मात्र २०४७ पर्यंत.

असा शब्द मागे घेणेही सोपे नसते. व्होडाफोन प्रकरणानंतर २०१२ मध्ये पूर्वलक्षी कर लावला गेला, २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय लवादांपुढे आपण व्होडाफोन आणि केर्न या दोन्ही प्रकरणांत हरलो, आणि २०२१ मध्ये तो पूर्वलक्षी करच रद्द करून केर्नला हजारो कोटी रुपये परत करावे लागले. तो कर लावणे चूक होते यात मला शंका नाही. पण त्यातून घ्यायचा धडा हाच, की गुंतवणूकदाराला दिलेला शब्द पाळावा लागतो, म्हणून तो देतानाच मुदत आखूड ठेवावी.

दुसरा मुद्दा नेहमीचा: सवलत दिली नाही तर गुंतवणूक दुसरीकडे जाईल. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असे जाऊन पाहावे. एमआयडीसीच्या या जुन्या कारखानदारी पट्ट्यात खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. छतावर शीतकरणाची यंत्रे, बाजूला डिझेल जनित्रांची रांग. देशातल्या डेटा सेंटर क्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई परिसरात आहे, आणि तो २०२६च्या माफीआधीपासून आहे. कारण समुद्राखालच्या केबल मुंबईला किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथे आहेत, वीज भरवशाची आहे. शिवाय एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की डिजिटल पेमेंटची माहिती भारतातच साठवली पाहिजे. त्या एका आदेशाने सर्व्हरची मागणी वाढवली, आणि त्यासाठी तिजोरीतला एक रुपयाही सोडावा लागला नाही.

मग पुण्याचे उदाहरण पुढे येते. सॉफ्टवेअर उद्योगालाही करमाफी होतीच ना, तिच्यातूनच हिंजवडी उभी राहिली ना? हो, होती. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांची ती माफी मार्च २०११ मध्ये संपली, आणि ती वाया गेली असे मी म्हणणार नाही. कारण त्या उद्योगाने माणसे लावली. माफीच्या बदल्यात लाखो पगार आले, पगारांवर कर आला, घरे बांधली गेली, रिक्षावाल्यापासून डबेवाल्या ताईंपर्यंत पैसा पोचला. डेटा सेंटरचे तसे नाही. डेटा सेंटरची जगातली सगळ्यात मोठी वसाहत अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात आहे. तिथल्या विधिमंडळाच्या लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. अडीच लाख चौरस फुटांच्या नेहमीच्या डेटा सेंटरमध्ये बांधकाम ऐन भरात असताना सुमारे दीड हजार कामगार असतात. बांधकाम उरकले की कायम उरतात सुमारे पन्नास. इमारत तेवढीच, माणसे पन्नास. इकडे त्याच सॉफ्टवेअर उद्योगातल्या टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. रोजगाराच्या नावाने मिळालेली जुनी सवलत दाखवून, माणसे न लावणाऱ्या धंद्याला नवी सवलत मागणे हा युक्तिवाद टिकत नाही.

कर कमी केला की वाढ होते आणि वाढीतून कर परत येतो, हा सिद्धान्त आपण एकदा आजमावलेला आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत अर्थमंत्र्यांनी कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, हा अंदाज सरकारचाच. पुढे काय झाले ते २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत आहे. २०१९-२० ते २०२२-२३ या काळात कंपन्यांचा करपूर्व नफा जवळजवळ चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगार त्या गतीने वाढले नाहीत. २०२३-२४ मध्ये कंपन्यांनी सुमारे ९.११ लाख कोटी कर भरला आणि व्यक्तींनी सुमारे १०.४४ लाख कोटी. नोकरदार, डॉक्टर, छोटे व्यावसायिक आज एकत्रितपणे कंपन्यांपेक्षा जास्त प्रत्यक्ष कर भरतात. हा भार असा सरकत जाणे मला घातक वाटते.

आता एआयच्या तेजीकडे. एआय खरे आहे, मग फुगा कसला, असे विचारतात. इंटरनेटही खरे होते. तरी १० मार्च २००० रोजी ५,०४८ वर पोचलेला नॅस्डॅक ऑक्टोबर २००२ पर्यंत तीन चतुर्थांशांहून अधिक घसरला आणि ती पातळी परत गाठायला २०१५ उजाडले. त्या पडझडीत कॅलिफोर्निया राज्याचे हाल अभ्यासण्यासारखे आहेत. तेजीत शेअरच्या नफ्यावरचा कर धो-धो आला, खर्च त्यावर बेतला गेला, आणि बाजार कोसळल्यावर २००३ मध्ये तूट ३८ अब्ज डॉलरवर गेली. ती भरायला मोटारींचे वार्षिक शुल्क तिप्पट केले. संतापलेल्या मतदारांनी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना पदावरून परत बोलावले. शेअर विकून नफा कमावणारे वेगळे होते आणि वाढीव शुल्क भरणारा गाडीवाला वेगळा.

आजची तेजी त्याहून अधिक एकवटलेली आहे. २०२५च्या पहिल्या सहामाहीत अमेरिकेची जी वाढ झाली, तिच्यातला सुमारे ९२ टक्के वाटा माहिती प्रक्रियेची यंत्रसामग्री आणि सॉफ्टवेअर यांतल्या गुंतवणुकीचा होता, असा हिशेब अर्थतज्ज्ञ जेसन फर्मन यांनी मांडला. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा मनोदय जाहीर केला. ओपनएआय एनव्हिडियाच्याच चिप वापरते. विकणाराच खरेदीदाराला पैसे पुरवू लागला की मागणी खरी किती हे कळेनासे होते. बँक ऑफ इंग्लंडनेही त्याच वर्षी अचानक घसरणीचा इशारा दिला. त्या तेजीला आपण एकवीस वर्षांचे वचन देऊन बसलो आहोत.

मग करावे काय? उत्तर व्हर्जिनियातच आहे. त्या राज्याने डेटा सेंटरना विक्रीकर माफ केला आणि २०२३च्या वित्तीय वर्षात ९२.८ कोटी डॉलर सोडले. पण त्याच राज्यातल्या लाउडन काउंटीने डेटा सेंटरमधल्या संगणकसामग्रीवर स्थानिक कर लावला, त्यातून भरघोस उत्पन्न मिळवले आणि घरमालकांच्या मालमत्ता कराचा दर वर्षानुवर्षे कमी करत आणला. कर होता म्हणून डेटा सेंटर पळून गेली नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०२३च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्कात सूट आहे. महावितरणचे घरगुती बिल काढून पाहा, त्यात १६ टक्के वीज शुल्काची ओळ आहे. दोन खोल्यांत राहणाऱ्याने ते भरायचे आणि शहरभराची वीज ओढणाऱ्या इमारतीने भरायचे नाही, हे मला मान्य नाही.

सवलत द्यायचीच तर पाच वर्षांची द्या, यंत्राच्या आयुष्याएवढी. ती रोजगाराशी आणि इथल्या संशोधनाशी बांधा. वीज शुल्क पूर्ण घ्या, पाण्याचा औद्योगिक दर घ्या, आणि स्थानिक कराचा वाटा थेट महापालिकेला द्या. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, महापालिकांना स्वतःचे उत्पन्न हवेच आहे. कोणत्या कंपनीला किती कर सोडला, हे दरवर्षी कंपनीच्या नावासकट विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवा. आपल्या आमदार-खासदारांना हा आकडा वाचकांनी जरूर विचारावा. तो मागण्याचा हक्क कर भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.